सहा मशिनं, सहा आयडी

९ जून २०२५, सोमवार

आज शेवटचे दोन लूम भंगारात गेले. ही डायरी सूतवाल्या शेठने गेल्या दिवाळीला दिलेली, पानापानावर त्याचंच नाव छापलेलं. सात महिने कोरी पडून होती. आजच का उघडली ठाऊक नाही. कारखान्यात एकटा बसलो होतो आणि आवाज नव्हता, म्हणून असेल. तीस वर्षं त्या खटखटाटात आम्ही एकमेकांशी ओरडून बोललो. आज मला माझ्याच चपलेचा आवाज ऐकू आला.

बारा लूम होते. सहा वडिलांनी घेतलेले, सहा मी वाढवलेले. भंगारवाल्याला मी सांगत होतो की सात नंबर फार गुणी, कधी धोटा उडवला नाही. तो म्हणाला, "सेठ, काँटे पे सब एक है." शेजारचे सादिकभाई चहा घेऊन आले. त्यांचे लूम दोन वर्षांपूर्वीच गेले. म्हणाले, "बाळारामभाऊ, रडायचं तर आताच रडून घ्या. उद्यापासून गाळा भाड्याने मागणारे येतील, मग फुरसत नाही."

रडलो नाही. लूम माझे होते, पण सूत कधीच माझं नव्हतं. शेठ सूत टाकायचा, शेठच कापड उचलायचा, मला मीटरमागे मजुरी. त्याने सूत थांबवलं की माझे बारा लूम म्हणजे बारा भाकड म्हशी. पुढचा धंदा करीन तो असा करीन की सगळं माझं असेल. हे इथे लिहून ठेवतो.

१५ जून, रविवार

मनोज जेवायला आला होता. मनोज म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, गोदूचा, एकुलता एक. कल्याणला मोबाइलच्या दुकानात काम करतो. बायकोने, कमळने, बोंबील केले होते. जेवताना तो म्हणाला, "मामा, गाळा भाड्याने देऊ नको. गेमिंग पार्लर टाकू. धामणकर नाक्याला पोरांना बसायला जागा नाय. टीव्ही, मशीन, एसी. तासावर चालतं."

मला पहिल्यांदा हसू आलं. बारा लूम चालवणारा माणूस पोरांचे खेळ चालवणार? पण रात्रभर तेच डोक्यात. मशीन, तास, शिफ्ट. हे मला कळतं.

कमळ म्हणाली, "अवो, आपल्यान मामा-भाच्याला एका होरीन बसवत न्हायत, न् तुमी धंद्यान बसवताव." मी म्हणालो, इथे होडी कुठे आहे, इथे तर लादी आहे. भाविका, आमची पोरगी, नुसती ऐकत होती. ती गोडाउनच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर मालाची नोंद ठेवते. तेवीस वर्षांची आहे, पण प्रश्न वकिलासारखे विचारते. म्हणाली, "हे मी पण चालवू शकते, बाबा." मी म्हणालो, तुझी ड्युटी सोडून? आणि लग्न झाल्यावर काय, सासरहून येशील शटर उघडायला? ती ताट उचलून आत गेली.

२२ जून, रविवार

मशिनं बघायला गेलो. भाविकाला मनोजने बोलावलं नव्हतं, ती आपणहून आली.

मशिनं दोन प्रकारची. एकाला सीडी घालायला खाच, दुसऱ्याला खाचच नाही. बिनखाचेचं स्वस्त. मनोज म्हणाला, "सीड्यांना ओरखडे पडतात, पोरं चोरून नेतात. हल्ली खेळ नेटवरूनच घेतात." भाविका म्हणाली, "सीडी आपल्या कपाटात राहते ना, बाबा. नेटवरचा खेळ कोणाच्या कपाटात राहणार?" मनोज हसला. दुकानदारही हसला. मला तिचा राग आला, चारचौघांत हसं करून घेते. मी मनोजलाच विचारलं, मशीन आणि हे बाकीचं नेटचं, प्लॅटफॉर्म का काय म्हणतात, यात फरक काय? तो म्हणाला, "सगळं एकच रे मामा. मशीन घेतलं की झालं."

सहा बिनखाचेची घेतली. बिलं माझ्या नावावर.

६ जुलै, रविवार

मशिनं आली. दिसायला म्हणावी तर फार सुबक, पण लोखंडाचा पत्ताच नाही. मी प्रत्येकावर ऑइलपेंटने एक ते सहा नंबर घातले, लुमांवर घालायचो तसेच. मनोज हळहळला, की मामा, अशी कोण रंगवतं का! मी टेबलाला भोक पाडून साखळ्याही घातल्या. सहा साखळ्या, सहा कुलपं, कोपऱ्यात कॅमेरा, शटरला डबल लॉक. चाव्यांचा जुडगा माझ्या करगोट्याला. आता इथून कोणी स्क्रूसुद्धा नेऊन दाखवावा.

१३ जुलै, रविवार

उद्घाटन. नारळ सादिकभाईंच्या हस्ते फोडला, त्यांना फार आनंद झाला. त्यांचा पुतण्या अफनान पहिलं गिऱ्हाईक. कॉलेजात शिकतो, फुटबॉलच्या खेळात वस्ताद आहे म्हणतात.

उघडण्याआधी मनोज तासभर आयडी काढत बसला होता. प्रत्येक मशीनला एक आयडी लागतो, खेळ त्या आयडीवर विकत घ्यायचे. पैसे मी दिले. नंबर त्याच्या फोनवर येत होते, तो भराभर टाकत होता. संध्याकाळी भाविकाने विचारलं, "आयडी कोणाच्या नावावर काढले?" मी म्हणालो, मनोज बघतोय ते. "मेल कोणाचा टाकला? फोन कोणाचा?" मी म्हणालो, अगं, तो भाचा आहे माझा, परका नाही. तू घरच्या माणसावर संशय घेतेस, हे तुझ्या गोडाउनात शिकवतात का?

बोलून गेलो. मग वाटलं जरा जास्तच बोललो. पण तिलाही समजायला हवं.

२ ऑगस्ट, शनिवार

पार्लर तुफान चालतंय. सहा मशिनं, दिवसभर एक मोकळं नाही. पोरं मला चाचा म्हणतात, काही शेठ म्हणतात. शेठ! वडिलांनी ऐकलं असतं तर.

मनोज सोन्यासारखा पोरगा आहे. सगळ्या पोरांचा त्याने व्हॉट्सअॅप ग्रुप केलाय, एकशेचाळीस जण. मी म्हणालो मलाही घे. म्हणाला, "मामा, दिवसभर टिंगटिंग वाजेल, तुझं डोकं उठेल." खरंच आहे. त्याला माझी काळजी.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. मूर्ती मनोजने डोक्यावरून आणली. गोदू म्हणाली, "दादा, तुला पोरगा न्हाय ही कसर माझ्या मनोजनी भरून कारली." मला भरून आलं. भाविका मखराला दिवे लावत होती, तिनेही ऐकलं असेल. एक दिवा तिच्या हातून निसटला.

१४ सप्टेंबर, रविवार

रविवारी सुट्टीला भाविका पार्लरमध्ये बसते. तिने मुलींसाठी तास काढलाय, सकाळी दहा ते बारा. सादिकभाईंची भाची जोया आणि तिच्या मैत्रिणी येतात, बुरखे खुंटीला अडकवतात आणि गाड्यांच्या शर्यतीत अशा किंचाळतात की लुमांची आठवण यावी. मनोजला हे पसंत नाही. म्हणतो, पोरांना वेटिंग लागतं. मी म्हणालो, दोन तासांचं काय ते!

जाताना भाविका म्हणाली, "बाबा, एक नंबरच्या मशीनवर आयडी बदलायचा पर्याय बघितला. पासवर्ड मागतो. तुला ठाऊक हाय?" मी म्हणालो, मला कशाला ठाऊक असायला हवा? लूम मास्तरने चालवायचा, मालकाने कुलूप लावायचं.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

मशिनांची पूजा केली. हळदकुंकू, झेंडू. मनोज ओरडला, "मामा, वाऱ्याच्या जाळीत कुंकू जाईल." मग नंबरवरच टिकली टेकवली. तो माझ्या पाया पडला, डोकं अगदी पायाला टेकवून. रविवारी स्पर्धा ठेवलीय, सोळा जोड्या, फलक लावलाय. उद्या-परवा तो मित्रांबरोबर गणेशपुरीला जाणार, गरम कुंडात अंघोळ करून रविवारी सकाळी थेट येतो म्हणाला.

५ ऑक्टोबर, रविवार

लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.

स्पर्धेमुळे मुलींचा तास आज ठेवला नव्हता, म्हणून भाविका घरीच होती. अकराला पोरं जमली. सादिकभाई नवा कुर्ता घालून आले. मी सहाही मशिनं चालू केली. अफनान बसला आणि म्हणाला, "चाचा, लॉक दाखवतंय." जवळ जाऊन बघितलं. प्रत्येक खेळाच्या चित्रावर एक बारीक कुलूप. दोन नंबरवर तसंच. सहावर तसंच. वायरी तपासल्या, बंद करून चालू केलं. सोळा जोड्या माझ्याकडे बघत होत्या आणि माझ्या करगोट्याला चाव्यांचा जुडगा होता, ज्यातली एकही चावी त्या कुलपाची नव्हती.

मनोजचा फोन बंद. भाविकाला बोलावलं, ती घरून, कोनहून, रिक्षाने अर्ध्या तासात आली. एकेका मशीनसमोर गेली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मशीन ठीक हाय, बाबा. आयडी काढून घेतलेत."

"कोणी?"

अफनानने खाली मान घालून स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला. सकाळी पावणेदहाला ग्रुपवर आलेला निरोप: आपण आता कोन नाक्यावर आलो आहोत, तुमचे सगळे खेळ, सगळे रेकॉर्ड जसेच्या तसे, स्पर्धा तिकडेच होईल. खाली मनोजचं नाव आणि हात जोडल्याचं चित्र.

पोरं एकेक करून गेली. अदबीने गेली, त्याचाच त्रास जास्त झाला. अफनान शेवटपर्यंत थांबला होता. "चाचा, माझे तीन महिने त्या आयडीवर हायत. टीम, गोल, सगळं. मी काय करू?" मी म्हणालो, जा बाबा.

केसाने गळा कापला. दसऱ्याला पायावर डोकं ठेवलं तेव्हा त्याच्या खिशात त्या नव्या दुकानाची चावी असणार. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता.

७ ऑक्टोबर, मंगळवार

कंपनीच्या नंबरला फोन लावला. चाळीस मिनिटं गाणं ऐकलं. मग एक पोरगी हिंदीत गोड बोलली. मी म्हणालो, मशिनं माझी, बिलं माझ्याकडे, नंबर लिहून घ्या. सहाही मशिनांचे पाठीवरचे लांबलचक नंबर वाचून दाखवले. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, अकाउंट का ईमेल?" नाही. "जन्मतारीख जो डाली थी?" माझी सांगितली. "ये मॅच नहीं हो रही, सर." मी ओरडलो की पैसे माझे आहेत. ती म्हणाली, "सर, डिव्हाइस आपका ही है, उसमें कोई प्रॉब्लेम नहीं."

८ ऑक्टोबर, बुधवार

भाविकाने समजावलं. मी तीन महिन्यांपूर्वी मनोजला जो प्रश्न विचारला होता तोच आज तिला विचारला.

म्हणाली, "हाताला लागतं ते हार्डवेअर. डबा, टीव्ही, कंट्रोलर. ते तू घेतलंस. खेळ ज्याच्यावर उभा राहतो तो प्लॅटफॉर्म. त्यात कंपनीचं नेटवरचं दुकान आलं, आयडी आला, आयडीवर घेतलेले खेळ, पोरांचे रेकॉर्ड, त्यांच्या मित्रांच्या याद्या. ते डब्यात नसतं, बाबा. आयडी दुसऱ्या डब्यात टाकला की सगळं तिकडे उभं राहतं. सीडीची खाच असती तर निदान खेळ तरी आपल्या कपाटात असते."

मी म्हणालो, म्हणजे लूम माझे आणि सूत शेठचं.

"हो," ती म्हणाली.

तीस वर्षं जे भोगलं त्यातच पुन्हा स्वतःच्या पायाने चालत गेलो. तेही साखळ्या आणि कुलपं लावून. ती 'मी सांगत होते' असं एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

राहवलं नाही. कोन नाक्यावर गेलो, आमच्या घराच्या वाटेवरच आहे, म्हणजे तोंड चुकवायलाही जागा नाही. फलक झगझगीत. आत मशिनं दोनच, तीही जुनी, आणि बाहेर वीसेक पोरं ताटकळत.

मनोज बाहेर आला. ओशाळलासुद्धा नाही. "मामा, चहा घेशील?" मी म्हणालो, लाज वाटत नाही? तो म्हणाला, "कसली लाज? तुझी मशिनं तुझ्याकडेच हायत ना? एक स्क्रू तरी नेला का मी? खेळ मी शोधले, पोरं मी जमवली. तू चावी फिरवलीस फक्त."

हे वाक्य आठ दिवस डोक्यात घण घालणार.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

जाणार नव्हतो. कमळ म्हणाली, "बयनीचा काय चुकला? जावा." गेलो.

गोदूने पाट मांडला, ताट आणलं, निरांजन लावलं. कुंकवाचं बोट माझ्या कपाळाजवळ आणलं आणि तिथेच थांबवलं. म्हणाली, "दादा, आवंदा ओवालनी मी मांगतंय ती दे. तुझी मशिनं मनोजच्या दुकानान लाव. त्याच्याकरं आयडी, तुझ्याकरं मशिनं. तासाला तुला मजुरी देल तो. भांडन मिटंल."

मजुरी. तिने मुद्दाम नाही वापरला तो शब्द. आमच्या घरात जन्मली, वडिलांना शेठकडून मजुरी घेताना बघितलंय, तिला दुसरा शब्द ठाऊकच नाही. पण माझ्या कानशिलात बसली. मी ताटात पाकीट ठेवलं आणि कोऱ्या कपाळाने उठलो. माझी बहीण ताट घेऊन तशीच उभी राहिली. माझ्या छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं.

मनोज दारापर्यंत आला. हळूच म्हणाला, "भाविका शिकवत असेल तुला. ती तरी कुठं तुझ्याकडे राहणार हाय, मामा? उद्या तिचा नवरा आयडी घेऊन जाईल, मग मी बरा होतो म्हणशील."

मी चपला घालून निघालो.

२६ ऑक्टोबर, रविवार

भाविकाने आपल्या पगाराच्या साठवणीतून नवे खेळ घेतले. सध्या दोनच, पण चांगले. सगळे आयडी पहिल्यापासून काढले. मी विचारलं नव्हतं, तिनेच सांगितलं, "तुझ्या नावाने काढते, बाबा. मेल तुझा, फोन तुझा, जन्मतारीख तुझी. नंबर आला की तूच वाच." मी चष्मा लावून एकेक आकडा वाचला आणि तिने टाकला. पासवर्ड तिने कागदावर लिहून माझ्या खिशात ठेवला. मशिनं उघडायची म्हणून तिलाही तो पाठ आहे.

सादिकभाई म्हणाले, "लडकी हिरा है, बाळारामभाऊ." मी हो म्हणालो.

१ नोव्हेंबर, शनिवार

भाविकाने गोडाउनची ड्युटी सोडली. आता पूर्ण वेळ पार्लर. कमळने गुळाचा सांजा केला. अफनान परत आला, पहिल्यापासून टीम बांधतोय. चार मशिनं भरलेली असतात. जोयाच्या मुली दररोज येतात.

सगळं चांगलं आहे. तरी झोप नीट नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

जेवून पडलो होतो. भाविका मागच्या दारी फोनवर बोलत होती, हसत. "हो, आयडी मी देते ना, तू फक्त तुझी माणसं घेऊन ये. बाबांना आताच नको सांगू."

बाबांना नको सांगू.

कोण? विचारलं नाही. विचारून कोणी खरं सांगतं का? मनोजनेही तीन महिने कुठे सांगितलं! तिचा नवरा आयडी घेऊन जाईल, हे त्या हरामखोराचंच बोलणं, मला माहीत आहे. पण बोलणारा वाईट म्हणून बोलणं खोटंच असतं असं थोडंच आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पासवर्ड बदलला. फोनवर व्हिडिओ बघून बघून शिकलो, सहाही आयडींचे बदलले. दीड तास लागला. नवा पासवर्ड माझ्या डोक्यात आहे आणि या पानाच्या मागे. आता कोणी काय नेईल ते बघतोच. मशिनं माझी, आयडी माझे, पासवर्डही माझा. जूनमध्ये लिहिलं होतं तसं, सगळं माझं.

कालपेक्षा बरी झोप लागावी.

५ नोव्हेंबर, बुधवार

मुद्दाम उशिरा गेलो. आत सात-आठ मुली, रांगेत बसलेल्या, एकसारखे पिवळे टीशर्ट घातलेल्या. भाविका तीन नंबरसमोर उभी होती. "बाबा, पासवर्ड चुकतोय."

मी म्हणालो, "मशीन बिघडलं असेल."

ती वळली नाही. पडद्याकडे बघतच म्हणाली, "मशीन ठीक हाय, बाबा."

महिन्यापूर्वी हेच शब्द बोलली होती. तेव्हा माझ्याकडे बघून बोलली होती.

मी पुढे झालो. एका हाताने आडोसा केला आणि दुसऱ्याने पासवर्ड टाकला. माझ्याच पोरीपासून झाकून. बोटं चुकली, पुन्हा टाकला. सहाही मशिनांवर तसंच केलं, त्या पोरींच्या देखत. मग जोया उठून म्हणाली, "अंकल, आज दीदी आपको सरप्राइज देनेवाली थी. आमची टीम बनवलीय. मी कॉलेजातल्या मुली आणल्या." तिने टीशर्टची पाठ दाखवली. पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: बाळाराम लूम वर्क्स.

कारखान्याचं नाव. जूनमध्ये फलक उतरवला तो मी भंगारात दिला होता. तिला अक्षरं कशी आठवली कोण जाणे.

भाविकाने दिवसभर काम केलं. कोणाला पाणी, कोणाला कंट्रोलर. संध्याकाळी शटरची तिच्याकडची चावी गल्ल्यावर ठेवली. "ही तुझ्याकडेच असू दे," म्हणाली आणि रिक्षा बघायला गेली.

९ नोव्हेंबर, रविवार

चार दिवस ती पार्लरला आली नाही. गोडाउनमध्ये तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली म्हणे. उद्या ती दुसरीकडे कामाचं विचारायला जाणार आहे.

मी रोज शटर उघडतो, मशिनं चालू करतो, पासवर्ड टाकतो. कुठल्याच खेळावर कुलूप नाही. पण कुठला खेळ कोणाला हवा, कोणाची टीम कुठवर आली, मला काही कळत नाही. आज दहाला जोया आणि पोरी आल्या, दीदी कुठे म्हणून विचारलं. मी म्हणालो, ड्युटीवर. थोडा वेळ बसल्या आणि गेल्या.

मनोजने माझा घात केला तेव्हा मी निदान त्याला शिव्या देऊ शकत होतो. आता द्यायला कोणी नाही. त्याने तीन महिने फसवलं. मी तिला जूनमध्येच फसवलं, पहिल्याच जेवणाला, 'मी पण चालवू शकते' म्हणाली तेव्हा, आणि ती ताट उचलून आत गेली तेव्हा मी बोंबील मागून घेतला होता.

आज दुपारी जेवताना पासवर्ड एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिला आणि तिच्या ताटाशी ठेवला. म्हणालो, हा घे, पाठ कर, उद्यापासून तूच उघड. कमळ भाकरी भाजायची थांबली.

भाविकाने चिठ्ठीकडे बघितलं, उघडली नाही. बोटाने हळूच माझ्याकडे सरकवली.

"मला नको सांगू, बाबा," ती म्हणाली. "उद्या काय झालं तर तुला माझाच संशय येईल."

रागाने नाही म्हणाली. मग तिने माझ्या ताटात भाकरी वाढली आणि स्वतःचं ताट घेऊन आत गेली.